अडीच सुताचा प्रश्न

शेठ वालचंद हिराचंद १८८२ सालीं सोलापुरांत जन्मले आणि त्यांच्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें पुढें कुर्ल्यास फियाट बांधली. तेव्हां या गाडीविषयीं सोलापूरकरांस थोडी आपुलकी वाटल्यास नवल नाहीं. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. परंतु आजोबांनीं घेतलेली फियाट कांहीं घरांतून अद्याप जिवापाड सांभाळली जाते. तिचा मूळचा सोलेक्स कार्ब्युरेटर झिजला म्हणजे दुसऱ्या जातीचा बसविण्याची गोष्ट निघते.

कार्ब्युरेटर मिळतो, घोडें अडतें तें किरकोळ सामानापाशीं. दोहोंच्या बैठकी जुळत नाहींत, म्हणून मध्यें जाड पट्टी घालावी लागते. पट्टी आली कीं जुने स्टड आखूड पडतात. मग बाजाराची फेरी!

सोलापूर हें गिरण्यांचें आणि मागांचें गांव. विलायती यंत्रांबरोबर येथें व्हिटवर्थचे इंची आटे आले. फियाट मात्र इटालियन कुळांतली, तिचें माप मिलिमीटरचें. अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, अर्थात् ७.९४ मिलिमीटर. तो बोल्ट आणि ८ मिलिमीटरचा बोल्ट शेजारीं ठेवले तर डोळ्यांस भेद दिसत नाहीं. परंतु व्हिटवर्थचे आटे इंचास १८, म्हणजे दोहोंतील अंतर १.४१ मिलिमीटर, ८ मिलिमीटरच्या नेहमींच्या बोल्टांत तें १.२५. बोल्ट एकदोन फेरे सुखानें जातो, मग अडतो. आणि मिस्त्रीनें पान्याचा जोर केला कीं ॲल्युमिनियमचे आटे भुग्यासारखे बाहेर येतात. 'बसतो कीं हो' हें दुकानदाराचें आश्वासन आम्हांस म्हणूनच पुरेसें वाटत नाहीं. जुना स्टड नमुन्यास न्यावा, पिच गेज लावून पाहावा, आणि तसा न मिळाल्यास लेथवर हव्या लांबीचा कातून घ्यावा. त्यास लागणारा खर्च बैठक फुटण्यापेक्षां कितीतरी कमी.

बैठक सैल राहिली तर इंजिन फट्‌फट् करील, इतकेंच. थ्रॉटलच्या दांडीची गोष्ट निराळी आहे. तिची स्प्रिंग अशक्त असली किंवा खिळपिन निसटली, तर मुलेंबाळें घेऊन पंढरपुरास निघालेली गाडी पाय उचलूनही थांबावयाची नाहीं. येथें तारेचा तुकडा गुंडाळून काम भागवूं नये. इंजिन बंद असतांना एकानें ॲक्सिलरेटर दाबून सोडावा, दुसऱ्यानें बॉनेटखालीं पाहावें. दांडी दर वेळीं आपोआप मागें आली पाहिजे.

पेट्रोलची रबरी नळीही त्याच वेळीं बदलावी. हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें, आणि जुनें रबर त्यानें फुगतें व चिरतें. नवी नळी इथेनॉलला टिकणारीच मागावी.