लपविले त्याने, शिक्षा मात्र तिला!

शहादा तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. या पट्ट्यातून दरवर्षी माणसे पोटासाठी गुजरातेत जातात. कुणी जोडीने कोयता घेऊन ऊसतोडीला, कुणी एकटाच सुरतेकडे मजुरीला. महिनोन्‌महिने घराबाहेर राहिलेला पुरुष परत येताना काय घेऊन येतो, हे विचारण्याची सोय बाईला नसते.

याच पंचक्रोशीतील एक तरुण बाई काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. गरोदरपणाच्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला. सासरच्यांनी "हा रोग तूच आणलास" म्हणत तिला घराबाहेर काढले. पुढे उघड झाले की, नवऱ्याची चाचणी दोन वर्षांपूर्वीच झाली होती. त्याला ठाऊक होते. तो गप्प राहिला. ती आम्हाला म्हणाली, "भाऊ, त्याला रोग झाला याचा राग नाही. सगळं माहीत असून माझ्याशेजारी झोपला आणि बोलला नाही, याचा राग आहे."

या वाक्यात सगळा प्रश्न आला. रोग होणे हा गुन्हा नाही. जोडीदाराला अंधारात ठेवणे हा मात्र तिच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे.

कायदा काय म्हणतो? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका डॉक्टरचे प्रकरण आले. रुग्णालयाने त्याचा एचआयव्ही उघड केला आणि ठरलेले लग्न मोडले. होणाऱ्या पत्नीचा निरोगी जगण्याचा हक्क मोठा, असे सांगून न्यायालयाने रुग्णालयाची बाजू उचलून धरली. परंतु त्याच निकालात अशा माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित असल्याचे म्हटले गेले. १० डिसेंबर २००२ रोजी न्यायालयानेच ते भाष्य अनावश्यक ठरविले. म्हणजे लग्न करता येते, फसवणूक करता येत नाही.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम १० म्हणते की, आपल्याला एचआयव्ही आहे आणि तो कसा पसरतो हे ठाऊक असलेल्याने संसर्ग टाळण्याची वाजवी खबरदारी घ्यावी. संबंधापूर्वी जोडीदाराला सांगणे हा त्यातला एक मार्ग. समुपदेशन करूनही तो सांगणार नाही अशी खात्री पटली, तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला पूर्वकल्पना देऊन जोडीदाराला सांगू शकतो. पण सांगितल्याने बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला कळवू नये, असेही हाच कायदा सांगतो. कायदा करणाऱ्यांना बाईचे घर माहीत होते, असे आम्ही म्हणू! कलम २९ प्रमाणे तर बाधित व्यक्तीला राहत्या घरातून हाकलता येत नाही. याच कलमाचा आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घेऊन आमची ही बहीण पुन्हा त्या घरात गेली. वेळेवर औषध मिळाल्याने तिचे बाळ निरोगी आहे.

जीवघेणा संसर्ग जाणूनबुजून पसरविणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग सगळ्यांना तुरुंगात घाला, असे आम्ही म्हणतो काय? नाही. तुरुंगाच्या भीतीने माणूस चाचणीच करणार नाही. ज्याला ठाऊकच नाही तो सांगणार काय? माणूस गप्प बसतो तो बदनामीच्या, रोजगार जाण्याच्या धास्तीने. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, काम करण्यास सक्षम असलेल्या कामगाराला केवळ एचआयव्हीमुळे काढता येणार नाही, असा निकाल दिला. तो वस्तीवस्तीत सांगितला पाहिजे.

शिवाय, सांगण्यात आता मरणाची बातमी नाही. सरकारी केंद्रांत २००४ पासून औषधे मोफत आहेत. नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून लागण होत नाही. धोक्याचा संबंध घडल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतले तर लागण टाळता येऊ शकते. पण हे ७२ तास गप्प बसण्यात गेले तर? म्हणून नुसती शंका असली तरी बोलावे, निरोध वापरावा, चाचणी करावी. गरमीसारख्या रोगातही एकट्याने औषध घेऊन भागत नाही. जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर रोग फिरून येतो.

हे विषय चळवळीच्या पानावर कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी १९३४ साल आठवावे. 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक आरोग्यावर उघड लिहिणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांची वकिली बाबासाहेबांनी केली. खटला हरला, कर्वेंना दंड झाला. पण लाजेपेक्षा ज्ञान मोठे, हे बाबासाहेबांनी उभे राहून दाखविले. आम्ही त्यांचे नाव घेतो आणि बायकोशी दोन शब्द बोलायला कचरतो!

बांधवांनो, सांगायला जीभ वळत नसेल तर सरकारी रुग्णालयातील समुपदेशकाला सोबत घ्या. १०९७ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे. आणि शेजाऱ्याने धीर करून सांगितले, तर त्याला वाळीत टाकू नका. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकविण्याची गरज नाही.