टोक कधी सोडायचं, कधी खोचायचं

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं, म्हणजे 92 टोकं. डीएनए तुटलेला दिसला की पेशीतली दुरुस्ती यंत्रणा तो जोडायला धावते, आणि गुणसूत्राचं धडधाकट टोकही तिला तुटकंच भासू शकतं. अशी दोन टोकं चिकटली की विभाजनाच्या ओढाताणीत गुणसूत्र फाटतं. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी हा प्रकार मक्याच्या पेशींत पाहिला होता, डीएनएची रचना उलगडण्याच्या कितीतरी आधी.

हे टाळायला गुणसूत्राच्या टोकाशी, म्हणजे टेलोमिअरवर, ‘शेल्टरिन’ नावाचा सहा प्रथिनांचा संच बसलेला असतो. त्यातलं टीआरएफ-2 हे प्रथिन डीएनएचं टोक मागे वळवून आतच दडवतं, पदर कमरेला खोचावा तसं. हा फास 1999मध्ये जॅक ग्रिफिथ आणि टिटिया डी लांग यांच्या गटांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला.

पण पेशी दोन व्हायची तर आधी डीएनएची नक्कल व्हायला हवी, आणि खोचलेल्या टोकाची नक्कल पुरी होत नाही. तेवढ्यापुरता फास सोडावा लागतो. ते काम आरटेल-1 नावाच्या विकराचं, आणि त्याला बोलावतं पुन्हा टीआरएफ-2च!

मग एरवी ते का बोलावत नाही? सायमन बोल्टन यांच्या लंडनमधल्या गटाने 2019मध्ये त्याचं उत्तर दिलं. टीआरएफ-2च्या साखळीतल्या 365व्या अमिनो आम्लावर, एका सेरीनवर, एरवी फॉस्फेट चिकटलेला असतो. तो असेतो आरटेल-1ला थारा नाही. नकलेच्या टप्प्यात पीपी-6 हे विकर तो फॉस्फेट काढतं, आरटेल-1 येतं, फास सुटतो. टप्पा सरला की फॉस्फेट परत जागेवर. संशोधकांनी ही कळ मुद्दाम बिघडवून पाहिली. आरटेल-1 कायमचं चिकटून राहिलं तेव्हा फास अवेळी सुटून पेशीत धोक्याची घंटा वाजली. ते येईनासंच झालं तेव्हा अख्खा फासच कापला गेला आणि टेलोमिअर एका फटक्यात तोकडं झालं. होयराल-ह्रेडार्सन या दुर्मीळ, जीवघेण्या बालविकाराच्या काही रुग्णांत नेमकी आरटेल-1 आणि टीआरएफ-2 यांची ही गाठभेटच होत नाही.

नक्कल झाली तरी जुळी टोकं एकमेकांना सहज सोडत नाहीत. टँकिरेज-1 हे विकर कमी केलं, की गुणसूत्रांचे मध्यभाग वेगळे होतात पण टोकं चिकटलेलीच राहतात आणि पेशी विभाजनाच्या ऐन मध्यात अडकते, असं सुझन स्मिथ यांच्या प्रयोगशाळेने 2004मध्ये दाखवलं. टँकिरेज रोखणारी रसायनं आज कर्करोगावर आजमावली जात आहेत. मात्र त्यामागचं मुख्य कारण टेलोमिअर नव्हे, तर पेशीवाढीच्या ‘डब्ल्यूएनटी’ संदेशमार्गातली याच विकराची लुडबूड.