शब्दांची कुळे (भाग सातवा) : सण

'सण' या शब्दावाचून मराठी संसारातला एक महिनाही सरत नाही. मात्र हा शब्द इतका लहान आणि इतका घरगुती आहे की, त्याचे मूळ संस्कृतातील 'क्षण' या शब्दात आहे हे सांगितले तर ते सहसा चटकन पटत नाही. वर्ष या अर्थाचा 'सन' अरबीतून आलेला आहे आणि ज्याच्या वाखापासून दोर वळतात त्या झाडाला लावला जाणारा 'सण' हा शब्द संस्कृत 'शण' याचा वंशज आहे. या दोहोंशी उत्सववाचक सणाचे केवळ उच्चारापुरते साम्य आहे, नाते कसलेच नाही.

'क्षण'पासून 'सण' कसा झाला, हे मराठीच्या घडणीतील एका ठळक नियमावरून कळते. संस्कृतातील 'क्ष' या जोडाक्षराचे प्राकृतात, म्हणजे संस्कृताशेजारी लोकव्यवहारात वाढलेल्या जुन्या भाषांत, कोठे 'ख' झाले तर कोठे 'छ' झाले. हिंदीच्या वाट्याला बहुधा 'ख' आला, म्हणून तिच्यात क्षेत्राचे खेत, इक्षूचे ईख आणि मक्षिकेची मक्खी झाली. मराठीने अशा अनेक शब्दांत 'छ'ची परंपरा उचलली आणि पुढे त्या 'छ'चाही 'स' केला, इ किंवा ए यांच्या आधी 'श' केला. त्यामुळे मराठीत शेत, ऊस, माशी आणि क्षुरिकेपासून झालेली सुरी असे शब्द दिसतात. याच वाटेने क्षणाचा प्राकृतात 'छण' आणि छणाचा मराठीत 'सण' झाला.

या प्रवासात ध्वनीबरोबर अर्थाचीही वाटणी झाली, आणि या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट तीच आहे. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत काळाच्या लहानशा अंशाला 'खण' म्हणतात आणि उत्सवाला 'छण' म्हणतात. जातककथांत मद्यपानाच्या उत्सवासाठी 'सुराछण' असा शब्दही येतो. बाराव्या शतकात गुजरातेत होऊन गेलेल्या आचार्य हेमचंद्रांनी आपल्या प्राकृत व्याकरणात यासाठी स्वतंत्र सूत्रच केले असून, त्यानुसार 'क्षण' या शब्दातील 'क्ष'चा 'छ' उत्सव हा अर्थ असतानाच होतो, एरवी 'ख' होतो. एकाच शब्दाची दोन रूपे व्हावीत आणि लोकांनी एकेका रूपाला एकेक अर्थ नेमून द्यावा, इतके काटेकोर काम बोलणाऱ्यांच्या जिभेने कोणत्याही वैयाकरणाच्या आधी केले होते. हेमचंद्रांनी त्याची नोंद तेवढी घेतली.

महाराष्ट्राशी या शब्दाचे नाते किती जुने आहे, याचा पुरावा 'गाथासप्तशती' या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात सापडतो. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन कुळातील हाल राजाच्या नावावर असलेल्या या संग्रहातील एका गाथेत 'फग्गुच्छण' असा सामासिक शब्द आलेला आहे. 'फग्गु' म्हणजे फाल्गुन आणि 'छण' म्हणजे सण. त्या गाथेत एका तरुणीच्या अंगाला कोणीतरी चिखल माखलेला आहे, आणि तो फाल्गुनाच्या सणातला असल्यामुळे त्याचा दोष धरायचा नाही, असे गृहीत आहे. शिमग्याच्या धुळवडीला आजही जी सूट दिली जाते तिचे इतके जुने आणि इतके स्पष्ट चित्र, तेही 'सण' याच शब्दाच्या पूर्वजासह मिळावे, ही मराठी वाचकाने जपून ठेवावी अशी गोष्ट आहे.

आता प्रश्न उरतो तो असा की, काळाच्या एका बारीक अंशाचे नाव उत्सवाला मुळात मिळाले कसे. 'अमरकोश' या संस्कृत शब्दकोशातील कालगणनेत बारा क्षणांचा एक मुहूर्त आणि तीस मुहूर्तांची एक अहोरात्र मानलेली आहे, आणि त्या हिशेबाने एक क्षण आजच्या चार मिनिटांचा होतो. चार मिनिटांत कोणताही सण होत नाही, हे उघड आहे. मात्र याच कोशाने अनेकार्थी शब्दांच्या वर्गात क्षणाचे तीन अर्थ दिले असून, त्यांपैकी विशिष्ट काळ आणि उत्सव या दोन अर्थांशेजारी तिसरा अर्थ 'निर्व्यापारस्थिती' असा आहे. व्यापार म्हणजे येथे खरेदीविक्री नव्हे, तर कोणताही उद्योग. तेव्हा निर्व्यापारस्थिती म्हणजे हाताला काम नसण्याची अवस्था, ज्याला साध्या मराठीत सवड किंवा उसंत म्हणतात. काळाचा तुकडा आणि उत्सव यांना जोडणारा दुवा हा आहे. कामाच्या ओघातून मोकळा काढलेला वेळ तो क्षण, आणि असा मोकळा वेळ सगळ्या गावाला एकदमच मिळाला की त्याचा सण होतो. देवपूजा, गोडधोड आणि नवे कपडे यांनी ती सवड भरली जाते, पण शब्दाच्या पोटात आधी सवडच आहे.

हा अर्थ केवळ कोशात राहिलेला नाही. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात श्रावणी अमावास्येला येणारा पोळा पाहिला, तर तो कामाच्या मनाईवरच उभा असल्याचे दिसते. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, म्हणजे जू टेकून टेकून निबर झालेला बैलाचा खांदा हळद आणि लोणी लावून चोळतात आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. सणाच्या दिवशी त्याला नदीवर धुऊन, शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून मिरवतात आणि पुरणपोळी खाऊ घालतात, पण त्या दिवशी त्याच्या मानेवर जू म्हणून चढवीत नाहीत. नागपंचमीला तर नांगर धरू नये, काही चिरू नये, कापू नये आणि चुलीवर तवा ठेवू नये, असे नकारच नकार आहेत. नागाला इजा होऊ नये ही त्यामागची श्रद्धा खरीच आहे. तिच्याबरोबरच शेतातल्या आणि घरातल्या हत्यारांना एक दिवस विसावा मिळतो, हेही खरे आहे.

'उत्सव' या शब्दाची घडण याहून निराळी आहे. 'उद्' या उपसर्गापुढे 'सू', म्हणजे प्रेरणा देणे, चालना देणे, हा धातू येऊन तो बनलेला आहे, आणि त्यात उसंतीपेक्षा उठावाचा भाव अधिक आहे. म्हणून उत्सव मांडावा लागतो, त्याला देऊळ, मंडळ किंवा राजा असा कोणीतरी कर्ता लागतो, आणि कर्त्याला तो थांबवताही येतो. कालिदासाच्या 'शाकुंतला'त शोकमग्न दुष्यंत वसंतोत्सवाला मनाई करतो, ती याच अधिकाराने. सणाला असा मालक नसतो. तो तिथीने येतो आणि ऐपत असो वा नसो, घरोघर येतो. लोकमान्य टिळकांनी 1893 मध्ये गणपतीला जे सार्वजनिक रूप दिले त्याला गणेशोत्सव हेच नाव शोभले, तर घरच्या मखरातल्या गणपतीला कोकणातला माणूस आजही सण म्हणतो, तेही तितकेच अचूक आहे.

तरीही या शब्दाने दिलेली सवड सर्वांना सारखी मिळाली, असे म्हणता येत नाही. बैलाच्या खांद्यावरचे जू ज्या दिवशी उतरले त्याच दिवशी घरातल्या बाईने हरभऱ्याची डाळ शिजवून, कट काढून, पुरण पाट्यावर वाटून, पंगती उठेपर्यंत पोळ्या लाटल्या, आणि तिच्यापुरता तो दिवस वर्षातल्या सर्वांत कष्टाच्या दिवसांपैकी एक ठरला. तिला खरा क्षण मिळाला तो पंचमीला. तवा बंद म्हणून त्या दिवशी वाफवलेल्या दिंडांवर भागे, आणि माहेरी आलेल्या सासुरवाशिणीला झाडाला बांधलेला झोका आणि बरोबरीच्या मुलींचा फेर मिळे. स्त्रियांच्या ओव्यांत पंचमीच्या सणाला एवढी जागा का मिळाली, याचे उत्तर या उसंतीत आहे.

शेजारच्या भाषांनी याच अर्थासाठी निराळी मुळे निवडली. हिंदीतील 'त्योहार' आणि गुजरातीतील 'तहेवार' हे तिथी आणि वार यांच्या जोडीतून आलेले मानले जातात, तर गोव्याच्या कोकणीतील 'परब' आणि कन्नडातील 'हब्ब' यांच्या मुळाशी 'पर्व' हा शब्द आहे. उसाच्या पेऱ्यालाही पर्वच म्हणतात. त्या पेऱ्याचा आणि परबेचा संबंध काय, हा पुढील भागाचा विषय आहे.