एकाच तारेवर रात्रभर

लग्न आटोपले की देवीचा गोंधळ घालायचा, ही हिंगोली, परभणी, नांदेड पट्ट्यातल्या कित्येक घरांची जुनी रीत. अंगणात चौक भरला जातो, घट मांडला जातो, दिवटी पेटते आणि गोंधळी आधी गावोगावच्या देवांना बोलावतात, मग आख्यान लावतात. ते पहाटेपर्यंत रंगते. सोबतीला संबळ, झांज आणि तुणतुणे एवढीच वाद्ये. त्यातल्या तुणतुण्याला तार एकच, आणि तीही रात्रभर एकाच सुरात वाजणारी. गाणे चढते, उतरते, कथेतला राजा रणात पडतो, राणी आक्रोश करते, तार मात्र आपला सूर सोडत नाही. तरीही कथा सांगणाऱ्याला पिढ्यानपिढ्या हे वाद्य पुरले. का पुरले, याचे उत्तर निम्मे तारेच्या भौतिकशास्त्रात आहे आणि निम्मे ऐकणाऱ्याच्या कानात.

तुणतुण्याची घडण अगदी साधी. लाकडाचे पोकळ नळकांडे, खालच्या तोंडावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे, वरचे तोंड उघडे. नळकांड्याला बाहेरून एक दांडी जोडलेली, दांडीच्या टोकाला खुंटी. तार खुंटीपासून निघते, उघड्या तोंडातून आत उतरते आणि कातड्याच्या मध्यातून आरपार जाऊन पलीकडून अडकवलेली असते. लाकडाच्या लहानशा तुकड्याने ती छेडायची.

सतार, व्हायोलिन, गिटार यांच्यापासून हे वाद्य इथेच वेगळे पडते. त्या वाद्यांत तार लाकडी पृष्ठभागावरून आडवी धावते आणि घोडीवर टेकते. तार हलली की घोडी हलते, घोडीमुळे लाकूड हलते, लाकडामुळे हवा. तुणतुण्यात घोडी नाही. तार कातड्यावर जवळजवळ उभी आहे. ती डावी-उजवीकडे हलते तेव्हा कातड्याला वर-खाली हलवायला तिच्याजवळ मुख्यतः एकच उपाय उरतो, तो म्हणजे कातड्यावरची ओढ कमी-जास्त करणे.

आता ही ओढ कशी बदलते ते पाहू. तार सरळ असते तेव्हा तिची लांबी सर्वांत कमी. डावीकडे झुकली की ती किंचित लांबते, ताण वाढतो आणि कातडे वर ओढले जाते. तार मध्यावर परतली की ओढ ओसरते. उजवीकडे गेली की पुन्हा लांबते, पुन्हा ओढते. म्हणजे तारेचे एक पूर्ण आंदोलन झाले की कातड्याला दोन हिसके बसतात. समजा, तार सेकंदाला २०० वेळा कंप पावत असेल, तर कातडे ४०० वेळा ओढले जाते. कंपनांची संख्या दुप्पट होणे म्हणजे सूर बरोबर एका सप्तकाने वर जाणे. खर्जातल्या षड्जावर ताणलेली तार अशा रीतीने त्याच्या वरचा षड्जही ऐकवते.

तारांच्या अशा वागण्याचे वेड एका मोठ्या शास्त्रज्ञालाही होते. ज्या चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० साली प्रकाशाच्या विकिरणावरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या संशोधनाची सुरुवातीची बरीच वर्षे तारांच्या आणि वाद्यांच्या मागे गेली. १९०७ मध्ये ते सरकारी अर्थखात्यात नोकरीला लागले. कोलकात्यात असताना दिवसा हिशेब तपासायचे आणि उरलेल्या वेळात इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता. याच नोकरीत रंगून आणि नागपूर इथेही त्यांची बदली झाली. १९०९ साली त्यांनी चक्क एकतारीवर एक शोधलेख लिहिला. ताण ठरावीक तालात कमी-जास्त होत असेल तर तार कशी वागते, हा प्रश्न त्यांना पुढेही अनेक वर्षे खुणावत राहिला. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ मेल्डे यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले होते की, ध्वनिकाट्याने तारेचा ताण लांबीच्या दिशेने बदलत ठेवला, तर तार काट्याच्या निम्म्या वेगाने डोलू लागते. तुणतुण्यात घडते ते याच्या उलट. तिथे डोलते तार, आणि दुप्पट वेगाने ओढले जाते ते कातडे.

या ओढीचा आणखी एक गुण आहे. ती तारेच्या झोक्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. झोका दुप्पट, तर ओढ चौपट. याचा अर्थ असा की, छेडल्याबरोबर वरचा सूर जोराने उसळतो आणि तारेचा झोका लहान होऊ लागला की त्याहून कितीतरी झपाट्याने विझतो. जोरात छेडलेल्या तारेचा सरासरी ताणही क्षणभर जास्त असतो, त्यामुळे सूर किंचित वर सुरू होऊन खाली स्थिरावतो. टोकदार सुरुवात, चटकन ओसरणारा आवाज आणि मागे उरणारी बारीक गुणगुण, असा हा ध्वनी आहे. पुढच्या ठोक्यापर्यंत मधली जागा जवळजवळ मोकळी राहते.

ही मोकळी जागा कथेच्या कामी येते. बोललेला शब्द ओळखताना कान स्वरांइतकाच, किंबहुना अधिक, व्यंजनांवर विसंबतो. क, त, स, च यांसारख्या वर्णांची ओळख पटवणारी ऊर्जा बरीचशी सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास आणि त्याहून वर असते, आणि ती फार क्षीण असते. सलग वाजणारा, सगळ्या पट्ट्यांवर पसरलेला आवाज तिला सहज झाकून टाकतो. आवाज तुटक असेल, तर कान मधल्या फटींमधून शब्द वेचतो. जॉर्ज मिलर आणि जे. सी. आर. लिकलायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोलणे सेकंदाला दहाएक वेळा तोडून त्यातला निम्मा भाग काढून टाकला होता. तरीही ऐकणाऱ्यांना बहुतांश बोलणे कळत होते.

बाकीची वाद्येही शब्दाला वाट देतात. तुणतुणे पोवाड्यातही असते. तिथला डफ घ्या. लाकडी किंवा धातूच्या कड्यावर ताणलेले, शाई नसलेले कातडे. अशा गोल पडद्याची नैसर्गिक कंपने पूर्णांकांच्या हिशेबात बसत नाहीत. पहिल्या कंपनाला १ मानले तर पुढची साधारण १.५९, २.१४, २.३० अशी येतात. कानाला त्यातून एक ठाम सूर सापडत नाही. तबल्यावर आणि मृदंगावर शाई चढवून हीच कंपने सुरेल प्रमाणात आणली जातात. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हे गुपित उलगडले. डफाला त्याची गरज नाही. डफाने ताल द्यायचा, झांजेने वरच्या पट्टीत झळाळी द्यायची आणि सुराची जबाबदारी एकट्या तुणतुण्याने घ्यायची.

माणसांचीही अशीच वाटणी असते. नाईक कथा सांगतो, साथीदार मधेच आडवे प्रश्न विचारून हशा पिकवतो, झीलकरी मागे उभे राहून ध्रुपद उचलतात. पोवाड्यात कडव्याच्या शेवटी झीलकऱ्यांचे ‘जी जी’ सुरू झाले की शाहिराला दम घ्यायला आणि पुढची ओळ मनात जुळवायला दोन-चार क्षण मिळतात. बहुधा झीलकऱ्याच्याच हातात तुणतुणे असते. म्हणून शाहीर गात असो वा गद्यात बोलत असो, सूर कुणीतरी धरलेलाच असतो.

गोंधळाच्या परंपरेची मुळे हिंगोलीच्या आसपास खोल आहेत. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा. रेणुराई माहूरच्या रेणुकेचे, तर कदमराई तुळजापूरच्या भवानीचे उपासक. हिंगोली जिल्ह्याच्या उत्तरेकडून वाहणारी पैनगंगा पुढे माहूरच्याच दिशेने जाते. १ मे १९९९ रोजी हिंगोली ज्या परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या परभणीचे राजाराम कदम गोंधळमहर्षी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाले. द्रौपदीच्या मनातल्या कर्णाची गोष्ट सांगणारे ‘जांभूळ आख्यान’ हे गोंधळातल्या आख्यानांपैकी एक. शाहीर विठ्ठल उमप यांनी ते शहरी रंगमंचावर गाजवले. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला संत नामदेवांचे गाव मानतात, आणि वारकरी कीर्तनातली वीणाही सूर बदलत नाही, धरून ठेवते.

ऐतिहासिक पोवाडेही अशा कंठांतूनच टिकले. अफजलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातला. असे पोवाडे इंग्रज अधिकारी हॅरी अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जमवून १८९१ मध्ये छापले. अॅकवर्थ यांचे इंग्रजी रूपांतर १८९४ मध्ये आले.

कथेमागे सूर कसा धरून ठेवायचा, या प्रश्नाला सातासमुद्रापलीकडेही असेच उत्तर सापडले होते. अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात स्कॉटलंड-इंग्लंडहून आलेल्या कुटुंबांनी आपल्या कथागीतांचा मोठा साठा जपला. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलेस यांनी १९१६ ते १९१८ या काळात तिथे हिंडून ती गाणी टिपून घेतली. या भागातले वाद्य म्हणजे माउंटन डल्सिमर. मांडीवर आडवे ठेवायचे, निमुळत्या कमरेचे, तीन-चार तारांचे. जुन्या पद्धतीत एका तारेवर लाकडाची काडी सरकवून चाल वाजवतात आणि उरलेल्या तारा नुसत्या सूर धरतात. केंटकीच्या जीन रिची (१९२२–२०१५) यांनी ते जगभर पोहोचवले. फरक आहे तो आवाजाच्या ताकदीचा. डल्सिमर चुलीजवळ किंवा ओसरीवर बसलेल्या चार माणसांसाठी पुरते. उघड्या अंगणातल्या गर्दीला संबळ आणि तुणतुणे लागते.

गजाने वाजवायच्या वाद्यांची गोष्ट निराळी. पैनगंगेच्या खोऱ्यात, किनवट आणि यवतमाळच्या बाजूला, परधान समाजाची किंगरी आहे. तीन तारा, कातडे मढवलेला भोपळा किंवा लाकडी खोका आणि घोड्याच्या केसांचा गज. गोंडांचे देव आणि राजे यांच्या कथा परधान या किंगरीवर गातात. १९४०च्या दशकात निजाम राज्यात काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या परधानांबद्दल नोंदवले आहे की, त्यांची घरची बोली मराठी, पण कथा ते गोंडीत गातात. किनवटचा भाग १९५६ पर्यंत त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता.

गज तारेला सलग ढकलत नाही. राळ लावलेले केस तारेला चिकटून तिला सोबत ओढतात, ताण अनावर झाला की तार निसटते, मागे येते, पुन्हा चिकटते. जड पेटी फरशीवरून ओढताना ती जशी अडखळत, कुरकुरत सरकते, तसेच हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवले की, अशा तारेवर एक टोकदार वाक गोल फिरत असतो. रामन यांनी १९१८ मध्ये त्याचा सविस्तर सिद्धांत मांडला आणि पुढे यंत्राने गज फिरवून व्हायोलिनवर तो तपासला. विसाव्या शतकात जर्मनीत रूढ झालेल्या बोड सॉल्टरी या गजाने वाजवायच्या त्रिकोणी वाद्यात प्रत्येक सुराला वेगळी तार असते. गज उचलला तरी ती घुमत राहते, सूर मात्र जागचा सरकत नाही. किंगरीवर बोट तारेवरून घसरते, म्हणून ती गळ्यामागोमाग मींड घेऊ शकते. जिथे सूर नुसता धरायचा नसून कथेबरोबर चालायचा आहे, तिथे गज उपयोगी पडतो.

तुणतुण्याची एक अडचण मात्र रात्रीच कळते. कातडे हवेतली ओल शोषते आणि सैल पडते, त्याबरोबर तारेचा ताण आणि सूरही उतरतो. डफ किंवा हलगी शेकोटीवर शेकून घेता येते. तुणतुणेवाला खुंटी पिळून सूर पुन्हा चढवतो.

विज्ञान प्रदर्शनासाठी एखाद्या शाळेला तुणतुण्याच्या दुप्पट कंपनांवर चांगला प्रयोग करता येईल. मोबाइलवर ध्वनीचा आलेख दाखवणारी मोफत अ‍ॅप असतात. तुणतुण्याची तार कातड्याला पूर्ण काटकोनात नसते. दांडी बाहेरून जोडलेली असल्याने ती दांडीकडे थोडी कललेली असते. म्हणून तार दांडीच्या दिशेने, म्हणजे कललेल्या प्रतलात छेडली, तर ओढीचा एक भाग तारेच्याच वेगाने बदलतो आणि आलेखात मूळ सुराचा उंचवटा वाढायला हवा. दांडीला आडवे छेडले, तर मूळ सूर खाली बसून दुप्पट कंपनांचा उंचवटा वरचढ दिसायला हवा. दोन्ही वेळा छेडण्याचा जोर सारखा ठेवायचा, फोन कातड्यापासून तेवढ्याच अंतरावर धरायचा आणि प्रत्येक दिशेने दहा-दहा वेळा छेडून सरासरी काढायची.