‘लिहून पोट भरते का?’ : परभणीच्या लेखकांचे उत्तर

परभणी जिल्ह्यात कविता किंवा कथा लिहू लागलेल्या तरुणाला सर्वांत आधी ज्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते तो ‘लिहून पोट भरते का?’ हा असतो, आणि तो विचारणारी माणसे बहुधा त्याच्याच घरातली, त्याच्या भल्याची काळजी वाहणारी असतात. कापूस, सोयाबीन आणि ज्वारीवर, म्हणजे अखेर पावसावर, ज्यांचा संसार उभा आहे त्या कुटुंबाने मुलाच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्याच्या नोकरीतून फिटावे अशी अपेक्षा बाळगली तर त्यात वावगे काही नाही. म्हणून या प्रश्नाला अरसिकता समजून झिडकारणे अन्यायाचे ठरते. त्यामागचा हिशेबही चुकीचा नाही. पुस्तकाच्या विक्रीतून लेखकाला जो वाटा मिळतो त्याला स्वामित्वधन म्हणतात. समजा, ३०० रुपये किमतीच्या पुस्तकावर १० टक्के दराने स्वामित्वधन ठरले आणि १,००० प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली, तर लेखकाच्या हाती ३०,००० रुपये येतात. ती खपायला पाच वर्षे लागली तर ही रक्कम महिन्याला ५०० रुपये पडते. तेव्हा केवळ लिहून पोट भरत नाही हे बहुतेक मराठी लेखकांच्या बाबतीत खरेच आहे. मात्र त्यावरून ‘म्हणून लिहू नये’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो खरा नाही, आणि परभणी परिसराच्या वाङ्मयाने गेली सुमारे सातशे वर्षे त्या निष्कर्षाला कृतीने उत्तर दिले आहे.

पोटाच्या प्रश्नाला जोडूनच दुसरी एक नाउमेद येते, ती प्रदेशाची. ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ ही दखनी वळणाची म्हण मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी आहे. कुठे काही जमले तर जमले, नाही तर शेवटी परभणी आहेच, असा तिचा रूढ अर्थ घेतला जातो. परभणीकर त्या म्हणीला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या दुसऱ्या म्हणीने उत्तर देतात खरे. परंतु लेखनाच्या क्षेत्रात पहिल्या म्हणीचे ओझे जास्त काळ वाहावे लागले. मोठे प्रकाशक, नियतकालिके आणि समीक्षक पुण्या-मुंबईकडे, आणि तिथे रूढ असलेली प्रमाणभाषा, म्हणजे शाळा, कचेरी आणि छापील व्यवहारासाठी मान्य झालेले मराठीचे रूप, हीच शुद्ध मराठी अशी समजूत. त्यामुळे घरात, शेतात आणि बाजारात बोलली जाणारी मराठवाडी बोली लिहिण्याच्या लायकीची नाही ही शिकवण मुलाला शाळेतच मिळत असे. आपण जे बोलतो ते अशुद्ध आहे असे ज्याला दहा वर्षे सांगितले गेले त्याने लिहायला बसणे हेच मोठे धाडस होते, आणि या नाउमेदीची मोजदाद कधी झाली नाही.

या दोन्ही नाउमेदींखेरीज तिसरी, राजवटीची, ज्याच्या वाट्याला आली तो लेखक म्हणजे बी. रघुनाथ. त्यांचे पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोना या गावी. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि १९८१ मध्ये जालना जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेले. सबंध मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. परभणीच्या मुलाला रेल्वेने पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे. त्यामुळे रघुनाथही शिकायला हैदराबादला गेले, तिथल्या विवेकवर्धिनी या मराठी माणसांनी चालवलेल्या शाळेतून १९३२ मध्ये मॅट्रिक झाले आणि पुढे संस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकून म्हणून चिकटले. कचेरीत दिवसभर उर्दूतल्या सरकारी कामकाजात राहायचे आणि घरी येऊन मराठीत कविता लिहायची, असा हा दिनक्रम होता. या लेखनाने बढती मिळण्याची शक्यता नव्हती, ते समजून घेणारा वाचकवर्ग संस्थानात लहान होता आणि पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळाला संस्थानी मराठवाड्याची पुरेशी ओळखही नव्हती.

अशा स्थितीत या कारकुनाने केलेल्या कामाचा आवाका पाहिला की थक्क व्हायला होते. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९३६ मध्ये, ‘ओ’ ही त्यांची पहिली कादंबरी आली. ‘साकी’ हा कथासंग्रह १९४० चा आणि ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह १९४१ चा. त्यानंतर १९४३ ते १९४६ या चार वर्षांत ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’ आणि ‘म्हणे लढाई संपली’ अशा चार कादंबऱ्या लागोपाठ प्रसिद्ध झाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईचे हे दिवस होते, आणि सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला उरणारा वेळ म्हणजे सकाळचा घटकाभर आणि रात्रीचा दिवा. युरोपात प्राग शहरात फ्रान्झ काफ्का १९०८ ते १९२२ या काळात कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरी करून रात्री लिहीत असे हे मराठी वाचकाला अनेकदा सांगितले जाते. परभणीच्या बांधकाम खात्यातला लेखकही त्याच जातकुळीचा होता हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

रघुनाथांच्या बाबतीत अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, जे अडथळे म्हणून समोर आले त्यांतूनच त्यांच्या लेखनाचा ऐवज उभा राहिला. उर्दू ही त्यांच्यावर परिस्थितीने लादलेली भाषा होती. पण तिच्यातली शब्दकळा आणि तिच्या कवितेतला दर्द त्यांनी मराठीत असा मुरवला की, ‘साकी’ किंवा ‘फकिराची कांबळी’ ही पुस्तकांची नावेसुद्धा त्या मिश्रणाची साक्ष देतात. कारकुनीमुळे निजामी अंमलाखालचा कनिष्ठ मध्यमवर्गीय माणूस, त्याची ओढाताण, वरिष्ठांपुढे मोडणारा कणा आणि घरातली उपासमार त्यांना रोज जवळून दिसली, आणि मराठवाड्यातली सरंजामी खेडी, म्हणजे वतनदारांच्या आणि जमीनदारांच्या धाकाखाली जगणारी गावे, त्यांच्या कादंबऱ्यांत आली. नोकरी सोडून लेखनाला वाहून घेतले असते तर त्यांनी अधिक लिहिले असते कदाचित; परंतु याच माणसांविषयी इतक्या आतून लिहिता आले असते असे वाटत नाही.

या जिद्दीची किंमत जबर होती आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत, कचेरीत काम करीत असतानाच, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी रघुनाथांचे निधन झाले. ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी १९५४ मध्ये आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह १९५५ मध्ये, दोन्ही त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झालेले त्यांनी पाहिले, पण १९५६ मध्ये मराठवाडा इतर मराठी मुलखाशी एका राज्यात आला तो क्षण त्यांना पाहायला मिळाला नाही. नोकरी आणि लेखन अशी दोन माणसांची कामे एकाच शरीराकडून करवून घ्यावी लागणे हा लेखकाचा गौरव मानून समाजाने सुटका करून घेऊ नये. तो समाजाचा दोष आहे.

नाउमेदीची ही परंपरा मागे न्यावी तर ती गोदावरीकाठच्या गंगाखेडपर्यंत जाते. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या संत जनाबाईंचे हे जन्मगाव. परंपरेनुसार त्या लहानपणीच पंढरपूरला नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी दासी म्हणून गेल्या आणि दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणे या कामांतच त्यांचे आयुष्य गेले. अभंग म्हणजे वारकरी संतांनी घडवलेला, सोप्या छंदातला आणि गाण्याजोगा काव्यप्रकार; त्याच्या शेवटी रचणाऱ्याचे नाव गुंफण्याची रीत असते, तिला नाममुद्रा म्हणतात. जनाबाईंची नाममुद्रा पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात नामदेवांच्या नावाशेजारी दासीचे स्वतःचे नावही ठसठशीतपणे उभे आहे. ज्या समाजव्यवस्थेत स्त्रीने, त्यातही मोलकरणीने, स्वतःच्या नावाने काही सांगावे अशी कल्पनाच नव्हती, तिथे ही सही म्हणजे कर्तृत्वाचा दावा होता. लोकलाज बाजूला सारून भर बाजारातून जाण्याची भाषा त्यांच्या अभंगात आली ती उगाच नाही. रघुनाथांना कचेरीने जे दिले ते जनाबाईंना जात्याने दिले. कष्टाचे प्रत्येक काम त्यांच्या काव्यात देवाच्या सोबतीने होते, आणि नामदेवांच्या गाथेच्या आधाराने टिकलेली त्यांची रचना आजही खेड्यापाड्यांतल्या बायकांना तोंडपाठ असते.

परभणीत १९९५ मध्ये ६८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद नारायण सुर्वे यांच्याकडे होते, हा योग या संदर्भात विसरता येत नाही. जन्मताच टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढवले. पुढे त्याने गिरणीत काम केले, शाळेत शिपायाची नोकरी केली, मग शिक्षकी केली, आणि या सगळ्यातून १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आणि १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’ हे संग्रह दिले. केंद्रापासून दूर राहिलेल्या शहराने कामगाराच्या कवीला आपल्या मांडवात अध्यक्ष म्हणून पाहिले.

बोलीच्या अप्रतिष्ठेला उत्तर द्यायला मात्र शेतकरी घरांतून आलेली पुढची पिढी यावी लागली. इंद्रजित भालेराव यांचा जन्म १९६५ मध्ये रिधोरा येथे झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आहे. परभणीत महाविद्यालयीन प्राध्यापकी करीत त्यांनी कुणब्याच्या घरातली, बांधावरची आणि खळ्यावरची भाषा कवितेत आणली, आणि १९८९ च्या ‘पीकपाणी’ या संग्रहापासून तिला वाचकांनी डोक्यावर घेतले. आसाराम लोमटे हे सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. उपजीविका पत्रकारितेची आणि मुक्काम परभणीचा. पत्रकाराची घाई आणि कथाकाराची सबुरी यांचा मेळ सहज बसत नाही. तरीही ‘इडा पिडा टळो’ आणि ‘आलोक’ या संग्रहांत त्यांनी दीर्घकथा लिहिल्या. दीर्घकथा म्हणजे कथेपेक्षा ऐसपैस आणि कादंबरीपेक्षा आटोपशीर असा प्रकार. त्यात गावाचे राजकारण, शेतीची दुरवस्था आणि माणसांचे ताणतणाव सावकाश उलगडायला जागा मिळते. ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा तो परभणीत राहून, परभणीच्या माणसांविषयी लिहिलेल्या पुस्तकाला मिळाला; त्यासाठी लेखकाला पुण्या-मुंबईत बिऱ्हाड करावे लागले नाही.

या लेखकांपैकी एकालाही लेखनाने पोसले नाही आणि एकानेही पोटासाठी लेखन सोडले नाही. मोलकरीण, कारकून, गिरणी कामगार, प्राध्यापक, पत्रकार अशी त्यांची कामे. त्या कामांनी भाकरी दिली आणि लिहिण्याचा विषयही दिला. त्यामुळे ‘आधी नोकरी बघ’ हा वडीलधाऱ्यांचा सल्ला तरुण लेखकाने मानावा, यात त्याच्या लेखनाचे नुकसान नाही. त्या सल्ल्याला जोडून येणारे ‘आणि हे वहीतले नाद सोड’ हे उत्तरार्धाचे वाक्य मात्र त्याने मानू नये, आणि वडीलधाऱ्यांनीही ते उच्चारण्याआधी ती वही एकदा वाचावी. तालुक्याच्या ठिकाणी लिहिणाऱ्या मुलाला विरोधापेक्षा मौन जास्त खचवते. त्याने लिहिलेले कोणी वाचले, एखाद्या ओळीवर बरे-वाईट बोलले, तर तो पुढचे पान लिहितो. हे काम कुणाही शिक्षकाला, वाचनालयाच्या सेवकाला किंवा शेजाऱ्याला करता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत.

बी. रघुनाथांच्या नावाचे सभागृह परभणीत आहे, त्यांच्या स्मरणार्थ पुरस्कार दिला जातो आणि त्यांच्या स्मृतिदिनी कार्यक्रम होतात. वाचकांनी येत्या ७ सप्टेंबरला आणखी एक करावे: आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन ‘आडगावचे चौधरी’ मागावी, आणि ती कपाटात नसेल तर मागणीच्या वहीत पुस्तकाचे नाव लिहून, खाली स्वतःची सही करून यावे.