सोप्या शब्दांची अडचण

मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी वाणिज्य शाखेत येतो आणि अर्थशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडतो, तेव्हा तो नेमका कोठे अडतो हे पाहण्यासारखे असते. 'इन्फ्लेशन', 'डेप्रिसिएशन' असले लांबलचक शब्द तो पाठ करतो. त्यांच्या व्याख्याही बिनचूक लिहितो. त्याची फसगत होते ती शाळेतच ओळख झालेल्या लहान शब्दांनी. 'डिअर' म्हणजे प्रिय, तेव्हा 'डिअर मनी' म्हणजे प्रिय पैसा! व्याजाचे दर चढल्यामुळे महागलेला पैसा, हा अर्थ त्याच्या मनातही येत नाही. 'सिंकिंग फंड' हा त्याच्या लेखी बुडणारा निधी असतो. वस्तुतः कर्ज फेडता यावे म्हणूनच ती रक्कम नियमितपणे बाजूला टाकलेली असते. 'रन ऑन द बँक' म्हणजे घाबरलेल्या ठेवीदारांनी पैसे काढण्यासाठी एकदम बँकेकडे घेतलेली धाव. मराठीही येथे धावच म्हणते. परंतु वहीत 'रन' या शब्दापुढे 'पळणे' एवढेच लिहून ठेवलेल्याला हे साम्य दिसत नाही.

महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. वर्षे वाढली, वही मात्र तीच राहिली. शब्दसंग्रह वाढविणे म्हणजे रोज दहा नवे, आणि होता होईल तो अवघड, शब्द उतरवून घेणे, ही समजूत स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांनी अधिकच पक्की केली आहे. घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त परीक्षेत लिहिणारा विद्यार्थी स्वतःच्या या वहीला तो लावून पाहत नाही. मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञाने ढाक्यात अध्यापक महाविद्यालयात काम करताना बंगाली मुलांची इंग्रजी वाचनातील अडचण जवळून पाहिली होती. त्याने १९५३ मध्ये सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातील दहापैकी सुमारे आठ शब्द या यादीतलेच निघतात. पुढच्या हजारो शब्दांच्या वाट्याला उरतात ते दोन.

मात्र यादी लहान केली म्हणजे काम सोपे झाले, असेही नाही. सी. के. ऑग्डेनने १९३० मध्ये अवघ्या ८५० शब्दांचे 'बेसिक इंग्लिश' मांडले. त्यात क्रियापदे होती फक्त १८. पण सहन करण्यासाठी असलेला स्वतंत्र शब्द वगळला की 'पुट अप विथ' म्हणणे आले, आणि 'पुट', 'अप', 'विथ' हे तिन्ही शब्द सुटे ठाऊक असूनही त्यांचा जोडून होणारा अर्थ कळत नाही. शब्द मोजले गेले, वाक्प्रचार मोजायचे राहिले.

हा इंग्रजीचा विक्षिप्तपणा म्हणावा, तर मराठी तरी कोठे मागे आहे? भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, डोळा लागतो. घाटात एखाद्याला गाडीही लागते. 'लागणे' हे एकच क्रियापद, पण मराठी घरातील मूल शब्दकोश न उघडता ही सारी रूपे बोलते. कारण त्याला तो शब्द सुटा कधी मिळालेलाच नसतो. तो भुकेबरोबर, गाडीबरोबर, प्रत्येक वेळी प्रसंगासह मिळालेला असतो. इंग्रजीतील 'गेट', 'टेक', 'पुट' यांची जात हीच आहे. तेव्हा शब्द व अर्थ यांच्या दोन रकान्यांऐवजी वहीत संपूर्ण वाक्य उतरवावे, ते ज्या बातमीत वा पत्रात भेटले त्याची खूण ठेवावी, आणि तोच शब्द निराळ्या संगतीत आढळला की ते वाक्यही त्याच पानावर टिपावे. एका 'पुट'ने पान भरावयास वेळ लागणार नाही.

कचेरीतील कारकुनाला तर याची सुरुवात टेबलावरच सापडेल. साहेबांपुढे फाइल 'पुट अप' करावयाची असते. निर्णय 'पुट ऑफ' होतो, म्हणजे पुढे ढकलला जातो. राहता राहिले 'पुट अप विथ'. त्याचा अर्थ त्याला निराळा शिकवावा लागू नये.