शिफ्ट संपली, एमबीए सुरू!

मुकुंदवाडीत रात्री नऊनंतर एक वेगळीच शिफ्ट सुरू होते. शेंद्र्याहून कंपनीची बस येते, जेवण उरकतं, रूम-पार्टनर मॅच लावून बसतो आणि एखादा पठ्ठ्या मार्केटिंगचं पुस्तक उघडतो. प्रमोशनसाठी एमबीए हवं. नोकरी सोडली तर घरचा हप्ता कोण भरणार? मग डिस्टन्स एमबीए. घरबसल्या, एकदम सोप्पं!

थांबा बॉस, जरा गणित करू. इग्नूचं एमबीए 116 क्रेडिट्सचं आणि एका क्रेडिटला अभ्यासाचे 30 तास धरलेले. म्हणजे 3,480 तास! दोन वर्षांत संपवायचं तर रोज पावणेपाच तास. ओव्हरटाइम करून? कठीणच. मुदत चार वर्षांची असते. ती पूर्ण वापरली तरी रोज जवळजवळ अडीच तास. फीचा विचार सगळेच करतात, या तासांचा कुणी करत नाही.

'ही डिग्री चालते का?' चालते. मान्यताप्राप्त संस्थेची डिस्टन्स पदवी रेग्युलरच्या बरोबरीची, असं यूजीसीनं सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय. फक्त फी भरण्याआधी संस्थेचं आणि कोर्सचं नाव यूजीसीच्या यादीत स्वतः बघा. 'सहा महिन्यांत डिग्री हातात' म्हणणाऱ्या एजंटला चहा पाजून वाटेला लावा.

आणि हो, असाइनमेंट्स शेवटच्या रविवारवर ढकलू नका, त्यांनाही मार्क असतात. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. चुलतभावाच्या हळदीला न जाण्याचं कारण आत्तापासूनच शोधून ठेवा.